अर्ज, हल्ला आणि सुनावणी

(‘आरोग्यसेवा आणि लोकांचे म्हणणे’ ह्या विषयावर खानदेशातील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात २०१७ सालच्या मार्च महिन्यातील एका आठवड्यापासून करणे सोयीचे होईल. १२ मार्च रोजी धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आणण्यात आला. तेथील तरुण निवासी डॉक्टरने नातेवाइकांना सांगितले की, मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ ह्या रुग्णालयात नाही, रुग्णाला अन्यत्र न्यावे लागेल. त्यावर जमावाने त्या डॉक्टरला अशी मारहाण केली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पुढच्याच आठवड्यात राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बाहेर पडले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. ही हकीकत पुष्कळांना आठवत असेल. त्याच आठवड्यात, १५ मार्च रोजी, दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे राष्ट्रीय आरोग्य धोरण संमत केले, ही गोष्ट मात्र धुळ्यात फारशा कोणाच्या लक्षात राहिली नसावी. वरवर पाहता दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. वस्तुतः तो फार निकटचा आहे.

ह्या धोरणाचा मसुदा सरकारने २०१४ च्या डिसेंबरअखेरीस जाहीर केला होता आणि त्यावर नागरिकांच्या सूचना मागविल्या होत्या. मसुद्यात एक मोलाचा प्रश्न विचारलेला होता. शिक्षणाप्रमाणे आरोग्यसेवा हाही न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क करावा काय, आणि देशाची आर्थिक स्थिती आता त्या पायरीला पोचली आहे काय? स्वतंत्र भारताच्या सरकारने इतका थेट प्रश्न लोकांना क्वचितच विचारला असेल. पुढे सव्वादोन वर्षांनी अंतिम धोरण आले, त्यात हा हक्क नव्हता. कारण असे दिले गेले की, डॉक्टर, परिचारिका, खाटा ह्यांचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण पुरेसे झाल्याशिवाय हक्काची भाषा करणे व्यर्थ आहे. म्हणजे सोय नाही म्हणून हक्क नाही. पण सोय का नाही, असे विचारले तर उत्तर हेच येते की, ती पुरविण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणजेच हक्क नाही! तर्कशास्त्रात ह्याला चक्रापत्ती म्हणतात. धुळ्याच्या त्या रात्री मेंदूचा शल्यविशारद तेथे नव्हता, तो ह्याच चक्रामुळे. तो असावा असे कोणालाही वाटत होते, परंतु तो नसल्याचे उत्तर देणे कोणावरही बंधनकारक नव्हते.

हल्ल्याचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही, हे आपल्यासारख्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. ज्याला मारले तो त्या रुग्णालयात सर्वांत कमी अधिकार असलेला आणि बहुधा सर्वांत जास्त तास राबणारा माणूस होता. पदे भरणे त्याच्या हाती नव्हते आणि अंदाजपत्रक ठरविण्यात त्याचा काही वाटा नव्हता. महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा आहे. रुग्णालयात हिंसा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा हवाच. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उगारलेल्या हातासाठी कायदा झाला, पण तोंडातल्या शब्दासाठी जागा झाली नाही. ‘येथे तज्ज्ञ का नाही?’ हा प्रश्न १२ मार्चच्या आधी विचारण्याची आणि त्याचे उत्तर मिळविण्याची सोय धुळ्याच्या नागरिकाला कोठे होती?

अशी सोय म्हणून खानदेशात जे काही रूढ आहे, ते म्हणजे अर्ज आणि चिठ्ठी. घरात कोणी आजारी पडले की आमदारांच्या किंवा त्यांच्या स्वीय सहायकाच्या ओळखीचा माणूस शोधायचा, रुग्णालयात फोन करवायचा, खाट मिळवायची. बिल भागविण्यासाठी मुख्यमंत्री साहाय्यता निधीकडे अर्ज करायचा. ह्यातून पुष्कळांचे प्राण वाचले आहेत. आपले कार्यकर्तेही ही कामे रात्री-अपरात्री करतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. पण ह्या व्यवहारात नागरिक हा याचक होतो. ज्याला खाट मिळाली तो उपकृत होऊन गप्प बसतो आणि ज्याला मिळाली नाही तो आपल्याला ओळख नव्हती म्हणून नशिबाला बोल लावतो. खाटा कमी आहेत हा मूळ मुद्दा दोघांच्याही तोंडून निघत नाही.

अल्बर्ट हिर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० साली प्रसिद्ध झालेले एक छोटेखानी पुस्तक ह्या संदर्भात उपयोगी आहे. (अर्थशास्त्रज्ञांची बरीच पुस्तके जाड असून निरुपयोगी असतात, हे त्याला अपवाद.) एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. हिर्शमनला ही कल्पना नायजेरियातील रेल्वे पाहून सुचली. रेल्वेची सेवा वाईट होती आणि शेजारून ट्रक धावत होते. रूढ अर्थशास्त्राप्रमाणे ट्रकच्या स्पर्धेने रेल्वे सुधारायला हवी होती. प्रत्यक्षात ती अधिकच ढेपाळली. कारण उघड होते. ज्या मोठ्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला सुधारण्यास भाग पाडले असते, तेच आधी ट्रककडे वळले. मागे राहिले ते, ज्यांच्या ओरडण्याला कोणी भीक घालत नव्हते.

हे चित्र खानदेशाला तंतोतंत लागू पडते. रावेर-यावलचा केळीचा मोठा बागायतदार, जळगावचा सराफ, धुळ्याचा वकील, महाविद्यालयातला प्राध्यापक, आणि खुद्द सरकारी अधिकारी, ह्यांच्यापैकी कितीजण आज सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात? ते खाजगी रुग्णालयात जातात. दुखणे मोठे असेल तर नाशिक किंवा मुंबई गाठतात. ज्यांना अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्रात पत्र देता येते, ज्यांच्याशी जिल्हाधिकारी बोलतो, ते सगळे निघून गेले. रांगेत राहिला तो सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा, ऊसतोडीवरून परतलेला मजूर, एकटी म्हातारी.

२०१२ सालापासून सरकारने ह्या निघून जाण्याला स्वतःच पैसा पुरविण्यास प्रारंभ केला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना त्या वर्षी २ जुलैला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली सर्व नागरिकांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण ठेवण्याची पाळी ह्या योजनेने अनेकांवरून टळली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. एक, मोठ्या शस्त्रक्रियांपुरती ती ठीक. पण माणूस वर्षभर पैसा घालवतो तो ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब, औषधे आणि तपासण्या ह्यांवर. केंद्र सरकारच्याच आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून भरली. सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिलेले होते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. खाजगी रुग्णालयात कार्ड घेऊन गेलेला रुग्ण एकटा असतो. ‘हा आजार योजनेत बसत नाही’ असे त्याला खिडकीवर सांगितले की तो परत फिरतो. गावच्या आरोग्य केंद्रावर डॉक्टर नसेल तर ते सगळ्या गावाचे दुःख असते. कार्ड नाकारले गेले तर ते एका घराचे राहते.

आता ज्या प्रयोगाबद्दल विस्ताराने बोलले पाहिजे तो खानदेशातलाच आहे. १९९८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २००४ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान ह्यांनी आरोग्यसेवा नाकारली गेलेल्या लोकांच्या जनसुनवाया घेतल्या. पश्चिम भारताची सुनावणी जुलैमध्ये भोपाळला आणि राष्ट्रीय सुनावणी डिसेंबरमध्ये दिल्लीला झाली. २००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा त्यात ‘लोकाधारित देखरेख’ हे कलम आले, आणि २००७ पासून नऊ राज्यांत त्याचे प्रयोग झाले. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार हे पाच जिल्हे निवडले गेले. जळगाव आणि धुळे त्यांत नव्हते.

ह्या प्रयोगाचे यंत्र साधे होते. गावची आरोग्य समिती बसायची आणि ठरलेले प्रश्न विचारायची. परिचारिका गावात येते का, लसीकरण होते का, केंद्रावर औषधे मिळतात की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात, बाळंतपणासाठी कोणी पैसे मागितले का, डॉक्टर मुक्कामी असतात का. उत्तरे तीन रंगांत नोंदवायची : चांगल्याला हिरवा, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. वाचता न येणारी बाईदेखील गावाच्या फलकावरचा लाल रंग ओळखते. ह्या साध्या युक्तीत पुष्कळ शहाणपण आहे. गावांचे तक्ते मिळून आरोग्य केंद्राचा तक्ता होई, मग तालुक्याचा, मग जिल्ह्याचा. नंतर जनसुनवाई. तेथे गावकरी आपली हकीकत स्वतः सांगणार आणि वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी ह्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे. काय ठरले ते लिहून ठेवायचे आणि पुढच्या सुनावणीत आधी त्याचा हिशेब घ्यायचा. सारी किमया ह्या शेवटच्या गोष्टीत होती. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, साहेब ते हसतमुखाने स्वीकारतात, छायाचित्र निघते आणि कागद फायलीत जातो. सुनावणीत मात्र तोच साहेब सहा महिन्यांनी त्याच माणसांसमोर बसलेला असतो.

परिणाम झाला काय? झाला. २००८ च्या पहिल्या फेरीत पाच जिल्ह्यांतील गावांनी सरासरी ४८ टक्के सेवांना ‘चांगले’ म्हटले होते. तिसऱ्या फेरीपर्यंत ते प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले. बाहेरून औषध आणण्याच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, सरकारी वेळेत खाजगी धंदा करणाऱ्यांना आळा बसला, औषधांच्या साठ्याचे आणि सेवांचे फलक लागले. आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. सुरुवातीला ज्या डॉक्टरांना हा सगळा प्रकार चारचौघांत अब्रू काढण्याचा वाटत होता, त्यांच्यापैकी काहींच्या ध्यानात आले की आपली गाऱ्हाणीही येथे मांडता येतात. रुग्णवाहिकेला चालक नाही, निवासस्थान गळते, दोन पदांपैकी एक रिकामे आहे, ही गाऱ्हाणी गावानेच वर पोचविली तर तिला वजन येते. धुळ्यात जो डॉक्टर आणि जो नातेवाईक एकमेकांचे वैरी झाले, ते वस्तुतः एकाच बाजूचे होते. त्यांना एका बाजूला बसविणारी जागा नंदुरबारात तयार झाली आणि शेजारच्या धुळ्यात झाली नाही.

परंतु ह्या प्रयोगाच्या मर्यादाही दडवून ठेवू नयेत. जे केंद्रावर किंवा तालुक्यात सुटण्यासारखे होते ते सुटले. तज्ज्ञांची पदे, औषधखरेदी, अंदाजपत्रक ह्यांचे निर्णय मुंबईत होतात आणि तेथवर ह्या सुनावणीचा हात सहसा पोचला नाही. दुसरे असे की, प्रयोगाचा पैसा ज्या आरोग्य खात्याची झडती घ्यायची त्याच्याच अभियानातून येत होता. टप्प्याटप्प्यांमध्ये निधीचे खंड पडले आणि कामाची लय तुटली. ज्याला जाब विचारायचा त्याच्याच खर्चाने जाब विचारणे फार काळ चालत नाही. तिसरी मर्यादा आपल्या पदरात घालून घ्यावी लागेल : हे काम स्वयंसेवी संस्थांनी केले. राजकीय पक्ष, आपल्यासारख्यांचे पक्ष धरून, व्यासपीठावर पाहुणे म्हणून गेले.

आपल्या परंपरेला हा विषय नवा नाही. लोहियांचे अनुयायी राजनारायण १९७७ साली जनता सरकारात आरोग्यमंत्री झाले आणि २ ऑक्टोबरला त्यांनी हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक ही योजना सुरू केली. गावाने आपल्यातलाच माणूस निवडायचा, त्याला तीन महिने शिकवायचे आणि महिना पन्नास रुपये मानधन द्यायचे. निवड गावाची, हे तत्त्व थोर होते. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी निवड सरपंचाची झाली, आणि रक्षक बहुतांशी पुरुष निघाले. विचारण्याची रीत नीट बांधली नाही तर ‘गावाचे मत’ म्हणजे गावातल्या बळकटाचे मत होते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. त्याच्याही तीस-एक वर्षे आधी, १९४६ साली, भोर समितीने प्रत्येक गावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी असे सुचविलेले होते. कल्पना जुनीच आहे. तिला अधिकार मात्र कोणी दिला नाही.

अधिकार दिल्यावर काय होते ते ब्राझीलमध्ये पाहता येते. लष्करी राजवट संपल्यावर १९८६ साली तेथे आठवी राष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. चार हजारांहून अधिक लोक जमले, त्यांत कामगार संघटना होत्या, वस्त्यांच्या समित्या होत्या. त्या परिषदेतल्या मागण्या १९८८ च्या संविधानात गेल्या. आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले. १९९० च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेत आरोग्य मंडळ आले आणि त्यातल्या निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या सामान्य नागरिकांना मिळाल्या. मंडळ नसेल तर केंद्राचा पैसा नगरपालिकेला मिळत नाही. अनेक गावी महापौरांनी आपली माणसे मंडळात घुसविली, हेही खरे. पण अंदाजपत्रक ज्या मेजावर ठरते तेथे रुग्णाची खुर्ची आहे.

आपल्याकडे खुर्ची किती दूर आहे ह्याची दोन उदाहरणे जळगावचीच घ्या. २०२० च्या जून महिन्यात, कोरोनाच्या साथीत, जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची वृद्धा बेपत्ता असल्याचे घरच्यांना सांगण्यात आले. घरचे विचारत राहिले. आठ दिवसांनी, १० जूनला, रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. देशभर संताप उसळला, अधिष्ठात्यांसह काही जणांचे निलंबन झाले. निलंबन योग्यच. पण त्या आठ दिवसांत घरच्यांचा प्रश्न ज्याच्या टेबलावर जायला हवा होता आणि ज्याने त्याच दिवशी वॉर्डात माणूस पाठवायला हवा होता, असे एक टेबल सरकारी रुग्णालयात असावे, ही मागणी त्या संतापातून पुढे आली नाही.

दुसरे उदाहरण शांतपणे घडलेले आहे, म्हणून अधिक बोलके. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा निःशुल्क झाल्या. निर्णय स्वागतार्ह होता. त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये मात्र नव्हती. जळगावचे जिल्हा रुग्णालय २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले. धुळ्याचे मोठे रुग्णालय भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचे. म्हणजे ज्या मोठ्या रुग्णालयांकडे खानदेशातला गरीब धाव घेतो, तीच वगळली गेली. चोपड्याच्या बाईला ‘सार्वजनिक आरोग्य विभाग’ आणि ‘वैद्यकीय शिक्षण विभाग’ ही दोन वेगळी खाती आहेत हे कसे कळावे? तिला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते की, मोठे दुखणे मोठ्या दवाखान्यात जाते. तिला विचारण्याचे काम ज्या निर्वाचित सदस्यांचे, त्यांची जळगाव जिल्हा परिषद २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपून विसर्जित झाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाने पाहिला. आरोग्य समितीची सभाच नाही, मग प्रश्न विचारणार कोण?

असे असले तरी हाती काहीच नाही असे नाही. १९९६ चा पेसा कायदा जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेर ह्या तालुक्यांच्या आणि धुळे जिल्ह्यात साक्री, शिरपूर ह्या तालुक्यांच्या काही भागांना लागू आहे. सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि त्यांतील कर्मचारी ह्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तो ग्रामसभा व पंचायतींना देतो. प्राथमिक आरोग्य केंद्र ही अशीच संस्था आहे. नंदुरबारात लोकांना जे एका सरकारी प्रयोगाने तात्पुरते मिळाले, ते सातपुड्याच्या ह्या गावांना कायद्याने कायमचे दिलेले आहे; ते वापरलेले मात्र फारसे नाही. इतर गावांतही वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात.

काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला झाले. सत्तेने लोकांकडे यावे, लोकांनी तिच्या दारी जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता आणि साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्यासाठी गावोगाव हिंडले होते. आजच्या कार्यकर्त्याला एवढेही चालायचे नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणती औषधे गेल्या तीन महिन्यांत संपली होती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. त्याचे उत्तर तीस दिवसांत येते. न आल्यास अपील करता येते. ते उत्तर ग्रामसभेत मराठीत नव्हे तर अहिराणीत, जेथे पावरी किंवा भिली बोलतात तेथे त्या बोलीत, मोठ्याने वाचून दाखवावे. बायकांना आधी बोलू द्यावे. शक्य तर त्यांची सभा आदल्या दिवशी वेगळी घ्यावी, कारण भरसभेत बाळंतपणाचे बोलणे त्यांना जड जाते. आशाताईंना बोलावे की न बोलावे अशा पेचात टाकू नये. २०२४ च्या आरंभी त्यांनी मानधनासाठी दीर्घ संप केला आणि वाढ मिळविली, तेव्हा त्यांना बोलता येते हे सिद्ध झालेच आहे, पण ज्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचे त्याच्याविरुद्ध साक्ष त्यांच्याकडून मागणे अन्यायाचे आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याला आठ दिवस आधी लेखी निमंत्रण द्यावे, खुर्ची द्यावी, त्याच्या अडचणी प्रथम ऐकाव्यात आणि त्या ठरावात घालाव्यात. ठरावाची प्रत जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि स्थानिक आमदार ह्यांना पाठवावी आणि पोच घ्यावी. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून त्या तिघांची उत्तरे ठेवावीत. उत्तर आले नसेल तर तसे इतिवृत्तात लिहावे. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक तालुका शाखेने निदान एका गावात हे येत्या ग्रामसभेपासून सुरू करावे आणि तीन रंगांचा तक्ता शाखेच्या कार्यालयात लावून ठेवावा.